छत्र्या वाटा, पण बैठकीसकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की लातूरच्या गंजगोलाईपासून संभाजीनगरच्या शहागंजपर्यंत, परभणी-नांदेडच्या मोंढ्यांत आणि गावोगावच्या आठवडी बाजारांत रंगीत छत्र्या उभ्या राहतात. यातल्या कितीतरी छत्र्या वाटपातल्या असतात. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीच्या, नाहीतर पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या. कापड बरे असते, काड्याही धड असतात, पण ती उभी कशावर करायची हे देणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. मग दांडा रंगाच्या डब्यात रोवला जातो, दगडांच्या ढिगात खोचला जातो किंवा सुतळीने हातगाडीला आवळला जातो. एप्रिल-मे महिन्यात वळवाचे वावधान सुटले की हीच छत्री भाजीवालीच्या अंगावर, शेजारच्या तळणीच्या कढईवर किंवा रस्त्यावरच्या दुचाकीवर जाते. लोखंडी काडीचे टोक नेमके डोळ्यांच्या उंचीवर असते. हे टाळता येते आणि त्यासाठी खर्चही फार येत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही वेल्डिंग आणि मंडपाच्या धंद्यातली माणसे आहोत. बैठक, म्हणजे छत्रीचा दांडा ज्यावर उभा राहतो तो खालचा आधार, कशी असावी, तिचा हिशेब काय आणि ती कुठे फसते, ते नीट मांडतो.

वजन कमी पडले म्हणून छत्री पडते, असा सर्रास समज आहे. मग डब्यात आणखी सिमेंट ओतले जाते. पण छत्री उचलली जाण्याआधी उलटते, आणि उलटण्याचा हिशेब वजनावर जितका, तितकाच बैठकीच्या पसाऱ्यावर असतो. वाऱ्याचा दाब काढायला भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सोपे सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. उत्तर येते न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. दाब आला ७४ न्यूटन, म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा रेटा.

सात फुटी छत्री बाजूने पाहिली तर वाऱ्याला आडवे येणारे कापड सुमारे ०.६४ चौरस मीटर भरते. आकारासाठी १.२ चा गुणक धरला की रेटा पावणेसहा किलोच्या आसपास जातो. आकडा लहान वाटतो, पण हा रेटा जमिनीपासून दोन मीटर उंचीवर बसतो. किलो आणि मीटर यांचा गुणाकार करा: उलटवणारा जोर साडेअकरा. ताशी ३० किमीला हाच जोर साडेसहा असतो, ५० ला अठरा. वारा दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो, कारण वेगाचा वर्ग येतो. एरवी दिवसभर निमूट उभी असलेली छत्री एका झोतात जाते ती यामुळेच.

आता अडवणारा जोर. बैठक, तिच्यावरचे ओझे आणि छत्री यांचे एकूण वजन, गुणिले दांड्यापासून बैठकीच्या उलटण्याच्या कडेपर्यंतचे अंतर. दहा लिटरच्या रंगाच्या डब्यात काँक्रीट ओतले तर ते २४ किलो भरते. छत्रीचे पाच किलो धरून २९. डब्याच्या तळाची त्रिज्या १३ सेंटिमीटर. २९ गुणिले ०.१३ म्हणजे पावणेचार. ताशी २३-२४ किमीच्या वाऱ्यालाच हा डबा हार खातो. वीस लिटरचा डबा घेतला तर काँक्रीट ४८ किलो होते, उचलताना पाठ धरते, आणि तरीही तो ३० किमीच्या पुढे टिकत नाही, कारण तळ तेवढाच अरुंद असतो. आता तेच २९ किलो ६० सेंटिमीटर लांबीच्या चार पायांवर पसरा. अडवणारा जोर बारा होतो आणि छत्री ताशी ४० किमीपर्यंत तग धरते. काँक्रीट एक घमेलेही वाढवावे लागले नाही.

चार पायांच्या चौफुलीत उलटण्याची कड पायाच्या टोकाशी नसते. शेजारच्या दोन पायांची टोके जोडणारी जी रेघ, तिच्यावर बैठक उलटते. पाय ६० सेंटिमीटरचा असला तरी ही रेघ मध्यापासून ४२ सेंटिमीटरवर येते. तीन पायांच्या तिवईत ती फक्त ३० सेंटिमीटरवर येते. सहा पाय केले तर ५२. तिवई उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, हे खरे, आणि म्हणून मंडपवाले ती पसंत करतात. पण तेवढ्याच अडवणुकीसाठी तिच्यावर चौफुलीपेक्षा जवळजवळ दीडपट ओझे लागते. सहा पाय लोकांच्या पायात येतात. बाजारातल्या छत्रीसाठी चार पायच बरे, आणि डुगडुगणाऱ्या पायाखाली फरशीची खपली सारायची.

आणखी एक गैरसमज. ओझे पायाच्या टोकाला ठेवले तर बैठक जास्त घट्ट बसते, असे मानून विटा अगदी कडेला रचल्या जातात. चारही बाजूंना सारखे ओझे असेल तर ते टोकाला ठेवा की मध्याजवळ, उलटण्याच्या हिशेबात काही फरक पडत नाही. सगळे ओझे वारा येतो त्या बाजूला ठेवले तर फरक पडतो, पण वळवाचा वारा दिशा बदलतो आणि मग तेच ओझे विरुद्ध बाजूला कुचकामी ठरते. म्हणून ओझे चारही पायांवर सारखे ठेवा आणि लोक अडखळू नयेत म्हणून मध्याकडे घ्या.

सात फुटी छत्री, ६० सेंटिमीटरचे पाय आणि ताशी ४० किमीचा वारा यांसाठी दीडपट सुरक्षा धरून एकूण वजन चाळीस किलोच्या घरात हवे. त्यातले १२ किलो चौफुलीचे लोखंड आणि ५ किलो छत्री. उरलेले किमान २४ किलो ओझे वरून द्यायचे. आठ-नऊ फुटी छत्री असेल तर हा आकडा वापरू नका, कापड आणि उंची दोन्ही वाढतात. छत्री उन्हाकडे तिरकी केली तरी नको, कारण वीस अंश कलली की वाऱ्याला आडवे येणारे कापड दुपटीच्या आसपास जाते. दुपारी तीन-चारला ऊन तिरपे यायला लागते तेव्हाच बहुतेक जण छत्री कलवतात आणि वळवाचे ढगही त्याच वेळी जमतात. छत्री कलवण्यापेक्षा मागच्या बाजूला गोणपाटाचा पडदा बांधणे चांगले, आणि तोही वारा सुटला की एका हिसक्यात सुटेल अशा गाठीचा.

ओझे कशाचे द्यायचे? पाच लिटरचा तेलाचा रिकामा प्लास्टिक डबा प्रत्येक बाजारात मिळतो. त्यात पाणी भरले तर ५ किलो, कोरडी वाळू किंवा क्रशरची कच (खडी फोडताना पडणारा बारीक चुरा) भरली तर ८ किलो, कच भरून तिच्या पोकळ्यांत पाणी जिरवले तर पावणेदहा ते दहा, आणि काँक्रीट ओतले तर १२ किलो. पाण्याचे चार डबे म्हणजे २० किलो, थोडे कमीच. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात वीस लिटर पाणी छत्रीखाली अडकवून ठेवा, असे कुणाला सांगवत नाही. उन्हाने प्लास्टिक कडक होते, बुडाला बारीक चीर जाते, पाणी झिरपते आणि बैठक हलकी झाली आहे हे छत्री पडेपर्यंत कळत नाही. झाकण नसेल तर डेंग्यूच्या डासाची पैदास होते ती वेगळीच. कच भरा. चार डब्यांत ३२ किलो होतात आणि छत्री ताशी ५० किमीच्या झोतालाही उभी राहू शकते. गोदावरीची वाळू या कामाला लावू नका. ती बांधकामालाच पुरत नाही, आणि खाणीजवळच्या क्रशरची कच याच कामाला उत्तम चालते.

काळी माती डब्यात भरू नये. सुकी असते तेव्हा हलकी, भिजली की फुगते आणि डबा फोडते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात कच भरून पायावर टाकणारेही आहेत. ओझे म्हणून ते चांगले, पण विणलेल्या प्लास्टिकचे पोते उन्हात एका हंगामात भुरभुरते, तेव्हा दोन पोती एकात एक घालावीत. घरी शहाबादी पडली असेल तर तीही उपयोगी: दीड बाय दीड फूट, दीड इंच जाड फरशीचे वजन सुमारे २० किलो. दोन फरशा चौफुलीवर एकावर एक ठेवायच्या. मध्ये नळीसाठी भोक पाडण्यापेक्षा प्रत्येक फरशी दोन तुकड्यांत कापावी, मग लावायला आणि काढायला सोपी जाते. ओझ्याचा कुठलाही एक नग २५ किलोच्या वर नको. सकाळी सहाला गाडा लावणारी बाई तो एकटीने उचलू शकली पाहिजे. नाहीतर बैठक घरीच राहते आणि छत्री पुन्हा सुतळीवर येते.

आता चौफुली. ४० × ४० × ५ मिमीचा अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, घ्या. एक तुकडा १.२ मीटरचा आणि दोन ६० सेंटिमीटरचे. लांब तुकडा आडवा ठेवून बाकीचे दोन त्याला काटकोनात जोडा, सपाट बाजू वर आणि उभी बाजू खाली. मधोमध १५० × १५० × ६ मिमीची प्लेट वरून बसवा. आधी चारही बाजूंना टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, कर्ण मोजा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. एका बाजूने सलग वेल्डिंग केले तर चौफुली ताणून वाकडी होते आणि एक पाय हवेत राहतो. हे काम स्वस्तात उरकायचे म्हणून २५ × २५ × ३ चा अँगल वापरलेला आम्ही जागोजाग पाहतो. वजनाला हलका, दिसायला तसाच. पण उलटायला लागते त्या क्षणी सगळा भार दोन पायांच्या टोकांवर येतो आणि ६० सेंटिमीटर लांबीवर तो बारीक अँगल वाकतो. पाय वाकला की कड आत येते आणि हिशेब संपतो.

प्रत्येक पायावर डबा मावेल एवढी चौकट २५ मिमीच्या पट्टीची करा. नुसता पायावर ठेवलेला डबा बैठक थोडी कलली की घसरतो, आणि ज्या क्षणी ओझे हवे त्याच क्षणी ते जमिनीवर असते. पायांच्या टोकांखाली पट्टीचे ५० मिमी चौकोनी तुकडे लावून त्यांना जुन्या टायरचे रबर ठोका. डांबरी रस्त्यावर बैठक सहसा घसरत नाही, पण दुकानापुढच्या गुळगुळीत फरशीवर रबराशिवाय ती सरकते. चाके लावायची असतील तर एकाच कडेला दोन, आणि बैठक सपाट ठेवली की जमिनीपासून बोटभर वर राहतील अशी. बैठक कलती करून ओढायची. चार कोपऱ्यांना चार चाके लावली तर वारा छत्रीला गाड्यासारखा ढकलत नेतो.

सगळ्यात जास्त चुका उभ्या नळीत होतात. आधी दांडा मोजा. कॅलिपर नसेल तर सुतळी एकदा गुंडाळा, खूण करा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. सुतळी १०.६ सेंटिमीटर भरली तर दांडा ३३.७ मिमीचा, म्हणजे एक इंची पाइपचा. त्याला सव्वा इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) पाइपची नळी चपखल बसते: तिचे आतले माप सुमारे ३६ मिमी, मोकळीक सव्वादोन-अडीच मिमी. दांडा सव्वा इंची असेल तर मात्र दीड इंची बी क्लासमध्ये तो जाणारच नाही, कारण त्याचे बाहेरचे माप ४२.४ आणि नळीचे आतले ४१.९. पाइपच्या दुकानात इंचाचे नाव ऐकून माल उचलला की इथे फसगत होते. मग घाईत दोन इंची पाइप लावला जातो आणि दांडा आत खुळखुळत राहतो.

खुळखुळण्याचा हिशेबही करून पाहा. १५ सेंटिमीटर लांबीच्या नळीत ८ मिमीची मोकळीक असेल तर दोन मीटर उंचीवर छत्री दहा सेंटिमीटरहून जास्त झुलते. झुलणारी छत्री प्रत्येक झोताला नळीच्या तोंडावर घण घालते आणि वेल्डिंगला केसासारखी चीर पडते. नळी ४० सेंटिमीटर लांब आणि मोकळीक सव्वादोन मिमी असेल तर तोच झोका जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. म्हणून नळी ४० सेंटिमीटरच हवी, त्याहून आखूड नको. प्लेटला ती चार त्रिकोणी पट्ट्यांनी टेकवा. ७५ मिमीचे दोन चौकोन कर्णावर कापले की चार त्रिकोण मिळतात. नुसत्या गोल वेल्डिंगवर नळी उभी ठेवू नये.

नळीला दोन एम-१० नट वेल्ड करून त्यांत हाताने पिळता येतील असे बोल्ट बसवा. एक वर, एक खाली, आणि दोघांमध्ये काटकोन. दोन्ही बोल्ट एकाच बाजूला असले तर दांडा दुसऱ्या दिशेने हलतोच. वाटपातल्या छत्रीचा दांडा बऱ्याचदा पातळ पत्र्याचा असतो. बोल्ट जोरात पिळला की त्याला चेप पडतो आणि पुढे तो तिथेच मोडतो. बोल्टच्या टोकाशी पट्टीचा वाकवलेला तुकडा ठेवा, दाब पसरतो. याशिवाय नळी आणि दांडा दोन्हींतून आरपार एक ८ मिमीचा बोल्ट हवाच. वावटळ खालून वर उचलते आणि नुसता पिळलेला बोल्ट तेव्हा दांडा सोडतो. मग बैठक जागेवर राहते आणि छत्री बाजारभर उडत जाते. तिच्या मागे धावणाऱ्याला किंवा दांडा धरून बसणाऱ्याला मोठी इजा होऊ शकते. सात फुटी छत्री खालून वारा भरून उलटी झाली तर ताशी ५० किमीला ती वीस ते चाळीस किलोच्या जोराने ओढते. तिला हाताने आवरायला जाऊ नये.

नळीच्या तळाशी प्लेटला १२ मिमीचे भोक पाडायला विसरू नका. पावसाचे पाणी, रसवंतीचा रस, पाणीपुरीचे खारट पाणी दांड्यावरून उतरून नळीत साचते आणि नळी आतून सडते. बाहेरचा रंग शाबूत असतो, म्हणून कुणाला कळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला नळीच्या बुडाशी हातोडीने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर नळी बदला. रंगाआधी रेड ऑक्साइडचा एक हात हवा.

चौफुली टेम्पोत किंवा एसटीच्या टपावर न्यायची असेल तर दुमडती करता येते. अँगलऐवजी ४० × ४० × २ मिमीचे दोन चौकोनी पाइप, प्रत्येकी १.२ मीटर, मधोमध १६ मिमीच्या बोल्टने कात्रीसारखे जोडायचे. वरच्या पाइपची टोके ४० मिमी उंच राहतात, म्हणून त्यांना तेवढ्याच उंचीचे पाय लावावे लागतात. उघडल्यावर काटकोनातच राहील अशी अडकवणारी पिन हवी. पिन नसेल तर वाऱ्याच्या झोतात चौफुली हळूहळू मिटते आणि बैठक अरुंद होत जाते.

ज्यांना वेल्डिंग परवडत नाही त्यांच्यासाठी सिमेंटची बैठक. ४० × ४० × ८ सेंटिमीटरचा ठोकळा ३० किलोचा होतो. एकास दीडास तीन प्रमाणात सिमेंट ५.२ किलो, वाळू किंवा धुतलेली कच साडेपाच लिटर, अर्धा इंची खडी अकरा लिटर आणि पाणी अडीच लिटरच्या आसपास. पाणी जास्त टाकून माल पातळ करण्याचा मोह टाळा. ओतायला सोपे जाते, पण कोपरे सहा महिन्यांत झडतात. मध्ये ८ मिमी सळईची जाळी, वरखाली किमान दोन सेंटिमीटर काँक्रीट राहील अशी. नळीच्या बुडाला सळईचा आडवा तुकडा वेल्ड केलाच पाहिजे, नाहीतर गुळगुळीत पाइप काही दिवसांत काँक्रीटमध्ये गोल फिरू लागतो. ओळंबा लावून नळी उभी करा आणि तीन दोऱ्यांनी ताणून ठेवा. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. एवढे केले तर पाणीही थोडे लागते. मात्र या ठोकळ्याची कड मध्यापासून फक्त २० सेंटिमीटरवर असते. तो लहान, चार-पाच फुटी छत्रीसाठी चांगला. सात फुटीला पुरणार नाही, हे बनवणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

जुन्या टायरची बैठक आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि तिच्यात एक मोठा गुण आहे: ती उचलावी लागत नाही, घरंगळत नेता येते. स्कूटरचा दहा इंची टायर काँक्रीटने पूर्ण भरला तर २७ किलोच्या आसपास होतो, आणि सात फुटी छत्री जेमतेम ताशी ३० किमीपर्यंत धरतो. लहान मोटारीचा बारा इंची टायर भरला तर ६५ किलो. ही बैठक ५० किमीपर्यंत उभी राहू शकते, पण फुटपाथची पायरी चढवायला दोन माणसे लागतात. टायर भरताना खाली प्लास्टिक अंथरून काँक्रीट सळईने टोचत टायरच्या पोटात सर्व बाजूंनी सारावे. नुसते मधले भोक भरले तर टायर पोकळ राहतो आणि अपेक्षित वजनाच्या निम्मेही भरत नाही.

कितीही चांगली बैठक केली तरी ती वादळासाठी नसते. आयएस ८७५ च्या यादीत औरंगाबाद, म्हणजे आताच्या संभाजीनगरसाठी, पायाभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. ताशी १४० किमी. इमारतींचा हिशेब त्यावर होतो, छत्रीचा होऊच शकत नाही. छत्री वेळेत मिटली पाहिजे. वेग ओळखायला यंत्र लागत नाही. धूळ आणि कागद उडू लागले की वारा २० ते २८ किमी असतो. लहान झाडे पानांसकट डोलू लागली की २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि विजेच्या तारा शिट्टी घालू लागतात तेव्हा ३९ ते ४९. लहान झाडे डोलू लागली की छत्री मिटायची, तारांच्या शिट्टीची वाट पाहायची नाही. हवामान खात्याचा ताशी ३०-४० किंवा ४०-५० किमी वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी दुपारनंतर छत्री उघडूच नये. गडगडाट ऐकू आला तर छत्री सोडून पक्क्या छताखाली जावे. मराठवाड्यात विजेने दरवर्षी माणसे दगावतात, आणि उघड्यावर लोखंडी दांड्याजवळ थांबणे हे सर्वात वाईट. ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये असावे.

लावण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी बैठक, मग ओझे, मग मिटलेली छत्री नळीत, आरपार बोल्ट, दोन्ही पीळबोल्ट, आणि सगळ्यात शेवटी छत्री उघडायची. काढताना नेमके उलट, म्हणजे आधी छत्री मिटायची. संध्याकाळी घाईत उघड्या छत्रीखालचे डबे उचलायला सुरुवात होते आणि अपघात तिथे होतात. विकत घेताना वरच्या बाजूला हवा निसटण्याची टोपी असलेली छत्री घ्यावी. वाटणाऱ्यांनीही तशीच निवडावी.

खांबांबद्दल थोडक्यात. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, कार्यक्रमांत पताकांच्या दोरीसाठी, यात्रेत दिव्यांसाठी, सोसायटीच्या गच्चीवर गुढीसाठी हीच चौफुली चालते, फक्त नळी खांबाच्या मापाची हवी. फ्लेक्सला मात्र ती अजिबात चालत नाही. ३ × ६ फुटांचा फ्लेक्स ताशी ४० किमीला पंधरा किलोच्या रेट्याने ढकलला जातो. तो अडीच मीटर उंचीवर असेल तर उलटवणारा जोर सदतीस होतो, आणि दीडपट सुरक्षेने चौफुलीवर सव्वाशे किलोहून जास्त वजन लागेल. फ्लेक्सला चिरा देऊनही हा रेटा फारसा कमी होत नाही. त्याला तीन दिशांनी ताण-दोऱ्याच हव्यात. मुरमात १६ मिमी सळईची दोन फुटी खुंटी बाहेरच्या बाजूला तिरकी ठोकली तर धरते. काळ्या रानात उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडलेल्या असतात, तिथे तीन फुटी खुंटी घ्या किंवा कचीच्या पोत्यांना दोरी बांधा. आणि विजेच्या तारेखाली लोखंडी खांब उभा करू नका, उभा असलेला आडवाही करू नका.

आता मागणी. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार शहराशहरांत नगर पथविक्रेता समित्या असतात. या समित्यांनी आणि नगरपालिकांनी फुटपाथला भोके पाडण्याऐवजी फिरत्या बैठकीचा एक साधा नमुना ठरवून द्यावा. छत्र्या वाटणाऱ्या कंपन्या, बँका, संस्था आणि पुढाऱ्यांनी दर छत्रीमागे बैठकीची तरतूद करावी, मग वाटपातल्या छत्र्या शंभराऐवजी साठ झाल्या तरी चालतील. शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडची मुले सरावासाठी अँगल कापतात आणि जोडतात. त्याच सरावात या चौफुल्या बनवून घेता येतील, मोजमाप वर दिलेलेच आहे. प्रत्येक बैठकीच्या पायावर रंगाने तीन गोष्टी लिहाव्यात: किती फुटी छत्रीसाठी, किमान किती किलो ओझे आणि ताशी किती किमी वाऱ्याला छत्री मिटायची.

आपले,
फॅब्रिकेशन व मंडप व्यवसायातील कारागीर
लातूर